खिशातले हात

सदर व्यक्तीचे वर्णन पुढीलप्रमाणे. नाव: हिल्का मुस्तोनेन. वय: एकोणसाठ. मुक्काम: हौकिवारा, पूर्व फिनलंड. उंची: मध्यम, बूट घातल्यास पुरेशी. केस: करडे, स्वतःच कापलेले. डोळे: निळे, समोरच्यावर सहसा विश्वास न ठेवणारे. ओळखीची खूण: उजव्या हाताचा अंगठा वाकडा. व्यवसाय: हिवाळ्यात परगण्याच्या रस्त्यांवरचा बर्फ सारणे, उन्हाळ्यात त्याच रस्त्यांवरची खडी सारखी करणे. वैवाहिक स्थिती: होती. क्रीडाक्षेत्रातील कामगिरी: हौकिवारा मोटरसायकल क्लबच्या शरद ऋतूतील रानशर्यतीत महिला वर्गाचे अजिंक्यपद, सलग सात वर्षे.

यातली शेवटची ओळ क्लबचा अध्यक्ष रेयो हुत्तुनेन दर वर्षी अहवालात लिहितो, आणि ती अक्षरशः खरी आहे. सातही वर्षं त्या वर्गात हिल्का एकटीच होती, हे तो लिहीत नाही. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नाही; कुणी विचारलं नाही तर खरं बोलायचाही नाही.

हिल्काबद्दल परगण्यात दोन मतं नाहीत, म्हणजे दुसरं मत मोठ्यानं बोलून दाखवायला कुणी धजत नाही. जानेवारीत एखाद्याची गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली, की तो आधी हिल्काला फोन करतो. ती बर्फाची गाडी घेऊन येते, साखळी अडकवते, गाडी ओढून वर काढते आणि तो माणूस आभार मानायला तोंड उघडेपर्यंत वळणापलीकडे गेलेली असते. अर्धा परगणा तिनं असा खड्ड्यातून काढलेला आहे. तिला मात्र कुणी कशातून काढल्याचं ऐकिवात नाही. नवरा गेला (मेला नाही, योएन्सूला गेला, एका दातांच्या डॉक्टरणीकडे), तेव्हा शेजारच्यांनी मासे भरून भाजलेला मोठा पाव तिच्या दारात आणून ठेवला. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही आणि आत जाऊन बोलायचंही नाही, अशी आमच्याकडची पद्धत. हिल्कानं तो पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशी तेवढाच पाव भाजून तिनं त्यांच्या दारात ठेवला. शेजारीण पुढे कित्येक महिने सांगत होती की दुसरा पाव पहिल्यापेक्षा चांगला होता, आणि हे सांगताना तिचा चेहरा अपमान झाल्यासारखा असायचा.

मोटरसायकल तिच्या आयुष्यात भावामुळे आली. भाऊ शेतावरच्या पायवाटांवर गाडी शिकला आणि सैन्यात गेला. गाडी मागे राहिली. एकोणिसाव्या वर्षी हिल्का ती गाडी घेऊन क्लबच्या शर्यतीला नाव द्यायला गेली, तेव्हा रेयोचा बाप अध्यक्ष होता. त्यानं गाडी पाहिली, मुलगी पाहिली, आणि बरं झालं आलीस, कँटीनमध्ये एक माणूस कमीच आहे, असं म्हणून तिच्या हातात अ‍ॅप्रन दिला. ती इतकी चकित झाली की तिनं तो बांधला. दिवसभर ती राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावत बसली आणि खिडकीतून गाड्या जाताना पाहत राहिली. तो राग तिनं नीट जपून ठेवला. महिला वर्ग सुरू व्हायला तिला पन्नाशी ओलांडावी लागली. त्यासाठी ती वर्षानुवर्षं क्लबच्या प्रत्येक सभेत एकच ठराव मांडत होती आणि प्रत्येक सभेत त्यावर कॉफीनंतर बोलू असं ठरत होतं. कॉफीनंतर अर्थातच सगळे घरी जात.

आणि आठव्या वर्षी वसंतातल्या सभेत रेयो म्हणाला की एका बाईचा वर्ग हा काही वर्ग नव्हे. त्याचं बायकांशी काही वाकडं नाही, हेही तो म्हणाला. प्रश्न फक्त व्यवस्थेचा आहे. वेगळी सुरुवात, वेगळा चषक, वेगळा अहवाल, आणि हे सगळं एकट्या हिल्कासाठी. त्यापेक्षा हिल्कानं ज्येष्ठ पुरुषांच्या वर्गात उतरावं. तिथं तिच्या वयाची भरपूर माणसं आहेत.

हिल्का म्हणाली, "म्हणजे बाई म्हणून नको, म्हातारी म्हणून चालेल."

 शेवटी ठरलं ते असं: या वर्षी महिला वर्गात दोन नावं आली पाहिजेत, आणि दोघींपैकी एकीनं तरी चार वाजायच्या आत शेवटची रेषा ओलांडली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून वर्ग बंद.

दुसरं नाव इर्या कोसोनेननं दिलं. इर्या पोस्टात काम करते, हिल्कापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि गाडी बरी चालवते. शर्यतीत मात्र कधी उतरली नव्हती, कारण तिच्या मते घाम यायला घरच्या सॉनातली वाफ पुरेशी आहे. हिल्कानं तिला उन्हाळाभर तयार केलं. जूनमध्ये तर आपली जादा ट्यूबही तिला वापरायला दिली. शर्यतीच्या दिवशी सकाळी इर्याचा फोन आला. तिचं बोलणं कळत नव्हतं, पण अर्थ कळला: सर्दी. रेयोनं मोठ्या मनानं जाहीर केलं की नाव नोंदलेलं आहे, तेवढं पुरे; आता निदान एक जण पोचू दे. एक जण म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. हिल्का सुरुवातीच्या रेषेवर उभी होती ती या रागात. ट्यूब अजून इर्याकडेच आहे, हे तिला गाडी सुरू केल्यावर आठवलं.

आता नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या शर्यतीत वाटेत गाडी बिघडली तर ती चालवणाऱ्यानंच दुरुस्त करायची, आणि तीही अंगावर असलेल्या हत्यारांनी. दुसऱ्या कुणाचा हात गाडीला लागला, कुणी एखादी वस्तू आणून दिली, की स्पर्धक बाद. हा नियम सगळीकडेच असतो. पण हौकिवारात तो पाळायची एक रीत आहे. एखादा स्पर्धक वाटेत थांबून दुरुस्तीला बसला, की भोवतीचे सगळे बघे आपापले हात खिशात घालतात. कुणी सांगत नाही, कुणी शिकवत नाही. बाईच्या कपड्यांना खिसा नसला तर ती हात काखेत धरते. असे वीस-पंचवीस लोक हात लपवून गोल उभे राहतात आणि मधला माणूस चिखलात झटापट करत असतो. परक्याला हे दृश्य फार निर्दयी वाटतं. आमच्याकडे याहून मोठा मान कुणाला देता येत नाही.

हुत्तुनेनच्या खडीच्या खाणीमागे रान एकदम उतरतं. तिथं वाट डावीकडे वळते, आणि वळण दाखवणारा बाण त्या वर्षी रेयोनं स्वतः ठोकला होता. ठोकला होता तेव्हा तो दिसत असेलही. हिल्का आली तेव्हा त्याच्यापुढे बर्चचं झुडूप होतं. तिला बाण दिसला तो जवळजवळ नाकाशी. तिनं गाडी वळवली. पिवळ्या पानांखाली लाकडाच्या ट्रकनं पाडलेली खोल चाकोरी होती. मागचं चाक त्यात घसरलं, चाकोरीच्या टोकाला असलेल्या धोंड्याच्या धारेवर आपटलं, आणि हिल्का गाडीच्या पुढे काही अंतर एकटीच गेली.

त्या जागी शेकोटी पेटवून, सॉसेज भाजत बरेच लोक उभे होते. हा योगायोग नव्हता. लोक जिथं पडतात तिथंच बघे जमतात. बघ्यांना बाण कुठं आहे हे रेयोपेक्षा चांगलं ठाऊक असतं. रेयोही तिथं होता, पंचांचं पिवळं जाकीट घालून. इर्याही होती, नाकापर्यंत मफलर गुंडाळून. आणि हिल्काचा जावई सांतेरी होता, एस्पोहून दोन दिवसांसाठी आलेला. मुलगी विर्पी घरी सॉना तापवत होती. नवऱ्याला तिनं आईची शर्यत बघून ये म्हणून पाठवलं होतं. हातांबद्दल सांगायला ती विसरली. तिच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती.

सांतेरीचा व्यवसाय म्हणजे मोठमोठ्या कचेऱ्यांत जाऊन तिथल्या लोकांना एकमेकांना मदत करायला शिकवणं. तो चांगला माणूस आहे. इथं नेमकी तीच अडचण झाली.

हिल्का उठली. अंगठा होता त्याहून थोडा जास्त वाकडा दिसत होता. तिनं तो बघून ठेवला. गाडी उभी केली तेव्हा मागचं चाक हळू आवाजात सुस्कारे टाकत होतं. तिनं टायरवर हात ठेवला, सुस्कारे संपेपर्यंत थांबली, आणि कमरेची हत्यारांची पिशवी सोडली. गोलात उभ्या सगळ्यांचे हात खिशात गेले. सांतेरीनं इकडेतिकडे पाहिलं आणि थंडी वाजत असेल असं समजून आपलेही हात खिशात घातले. पण लगेच काढले.

हिल्कानं गाडी एका खुंटाला टेकवली, अ‍ॅक्सलचा नट सोडला, चेन उतरवली, चाक बाहेर काढून गवतावर आडवं टाकलं. टायरची कड रिमपासून सुटेपर्यंत ती त्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली. द्राक्षं तुडवतात तशी, फक्त चेहरा वेगळा. मग टामी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, घातली, कड उचकटली, ट्यूब ओढून काढली.

इर्या मफलरमधून म्हणाली, "हिल्का, तुझी ट्यूब माझ्या गाडीत आहे. आज परत द्यायलाच आणली होती."

इर्याची गाडी पलीकडे रस्त्यावरच उभी होती. मागच्या काचेतून ट्यूबचा काळा वळसा सगळ्यांना दिसत होता. गोलात थोडी हालचाल झाली. स्वतःचीच वस्तू परत घेणं ही मदत होते का, हा प्रश्न हौकिवारात पूर्वी कधी उभा राहिला नव्हता. सगळ्यांनी रेयोकडे पाहिलं. रेयोनं बराच विचार केला.

"ट्यूब हिल्काची आहे," तो म्हणाला, "पण आणणारा हात इर्याचा."

हिल्का मान वर न करता म्हणाली, "जूनमध्ये आणायचा होता तो हात."

विषय संपला. तिनं फाटक्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरली आणि ती वाटेच्या कडेला पाणी साचलेल्या चरात बुडवून हातभर हातभर सरकवत नेली. एका जागी बुडबुडे आले: शेजारीशेजारी दोन बारीक भोकं, सापानं चावा घेतल्यासारखी. धोंडा आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की हे असंच होतं. तिनं ती जागा बाहीच्या आतल्या बाजूनं कोरडी केली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्यूशन लावलं आणि ट्यूब मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

सांतेरीला हे बघवेना. त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं की ही बसलीय कशासाठी. शेजारचा म्हणाला, वाळायला. सांतेरी म्हणाला की अशा वेळी दोन-तीन माणसांनी कामं वाटून घेतली तर निम्म्या वेळात होईल. शेजारच्यानं हात खिशात आणखी खोल घातले आणि तो थोडा बाजूला सरकला, सर्दी झालेल्या माणसापासून सरकतात तसा.

सोल्यूशन वाळलं. हिल्कानं ठिगळ बसवलं, टामीच्या गोल टोकानं चोळचोळून दाबलं. टायरच्या आतून बोटं फिरवून कुठं खडा, काटा राहिला नाही ना हे पाहिलं. ट्यूबमध्ये पिळा पडू नये एवढीच हवा भरून ती आत सरकवली, व्हॉल्व भोकातून बाहेर काढला, आणि गुडघ्यांनी टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरत टामीनं थोडी थोडी करून आत घ्यायला सुरुवात केली. अंगठा साथ देत नव्हता. शेवटची वीतभर कड राहिली, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत आहे की खरं काम त्या वीतभरातच असतं. त्याआधीचं सगळं कुणालाही येतं. इथं घाई केली की टामीच्या टोकाखाली ट्यूब चिमटते, आणि जे भोक बुजवलं त्याच्या शेजारी नवीन भोक पडतं. तिनं एक-दोनदा जोर लावून पाहिला. मग टामी तशीच अडकवून ठेवली आणि कडेला लावायला साबणाचं पाणी करावं म्हणून भांडी घासायच्या साबणाची छोटी बाटली घेऊन चराकडे गेली.

तिची पाठ वळली तेवढ्यात सांतेरी पुढे झाला. त्यानं एक टाच टायरवर रोवली, टामी दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली. टप्प असा आवाज झाला. कड बसली.

शेकोटीवरच्या सॉसेजमधली चरबी गळताना ऐकू येत होती. गोलातले सगळे हात एकदम खिशाबाहेर आले. ते हात रिकामे आहेत हे दाखवण्यासाठी.

हिल्का वळली. तिनं चाक पाहिलं, टामी पाहिली, सांतेरीच्या हातांवरचा चिखल पाहिला.

"बसलं," सांतेरी म्हणाला. तो खरंच आनंदात होता. "उगाच एवढा वेळ घालवलास, हिल्का. मी होतो ना इथं."

हिल्कानं रेयोकडे पाहिलं. रेयो हातातल्या सॉसेजकडे पाहत होता. मग त्यानं ते खाली ठेवलं.

"मी पाहिलं, हिल्का," तो म्हणाला. "पाहिलं नाही असं म्हणता यायचं नाही मला. जाकीट पिवळं आहे."

म्हणजे संपलं होतं. वर्ग, ठराव, कॉफीनंतरची सगळी वर्षं, आणि तो अ‍ॅप्रनही; एका भल्या माणसाच्या टाचेखाली सगळं टप्पकन बसलं होतं. हिल्काला ओरडायचं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. ती ओरडली नाही. ती सांतेरीला म्हणाली, "तू शेकोटीपाशी जाऊन उभा राहा."

"मी फक्त मदत केली."

"हो. ती घेऊन जा."

मग ती गुडघ्यांवर बसली, टामी घातली, आणि सांतेरीनं बसवलेली कड पुन्हा उचकटली.

कुणाला आधी कळेना ती काय करतेय. वीतभर कड बाहेर आली तरी ती थांबली नाही. हात फिरवत, टामी पुढे सरकवत तिनं अख्खी बाजू सोडवली, ट्यूब बाहेर काढली, पुन्हा हवा भरून पुन्हा चरात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. खरं सांगायचं तर सांतेरीनं काम चांगलं केलं होतं. कुठं चिमटा नाही, ओरखडा नाही. एखादा बुडबुडा आला असता तर हिल्काला बरं वाटलं असतं. न आल्यामुळे ती जास्तच चिडली.

"अगं, पण ते बसलं होतं," सांतेरी शेकोटीपासून म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता.

"बसलं होतं म्हणूनच काढतेय ती," इर्या त्याला म्हणाली. "आणि हात खिशात घाल बाबा."

दुसऱ्यांदा सगळं झालं. ट्यूब आत, व्हॉल्व बाहेर, गुडघे कडेवर. पुरुषांच्या वर्गातले दोघे-तिघे दुसऱ्या फेरीला त्याच वळणावर आले. त्यांनी बाण नाही पण माणसं पाहिली आणि नीट वळले. वीतभर कड पुन्हा उरली. हिल्कानं तिला साबणाचं पाणी लावलं, अंगठा मुठीत मिटून घेतला आणि मनगटाच्या उंचवट्यानं टामीवर भार दिला. एकदा. पुन्हा. तिसऱ्या खेपेला तिच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथं लिहिण्याजोगा नाही, पण तो सांतेरीसाठी नव्हता, रेयोसाठीही नव्हता, बहुधा त्याच्या बापासाठी असावा. कड बसली. टप्प आवाज तसाच आला. गोलात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात खिशातच होते.

तिनं हवा भरली, चाक चढवलं, चेन ओढली, नट आवळला आणि कुणाकडे न पाहता निघून गेली. जाता जाता मात्र तिनं गाडी थोडी वाकडी घेतली आणि बाणापुढचं बर्चचं झुडूप चाकाखाली घालून आडवं केलं. याला नियमांत काही नाव नाही.

चार वाजायला थोडा अवकाश असताना तिनं शेवटची रेषा ओलांडली. रेयो गाडीनं तिच्याआधी पोचला होता आणि क्लबच्या लाकडी खोलीत दोन पंचांना घेऊन बसला होता. ते दोघे त्या दिवशी काही बोलले नाहीत. एरवीही बोलत नाहीत, म्हणून तर त्यांना निवडतात. हिल्का हेल्मेट काढून आत आली. मागोमाग इर्या आली, आणि दारात जेवढी माणसं मावतात तेवढी.

रेयोनं घसा साफ केला. तो वाईट माणूस नाही, हे पुन्हा सांगायला हवं. येताना गाडीत त्यानं बराच विचार केला होता आणि त्याला एक वाट सापडली होती. तो म्हणाला की जावई बाहेरगावचा आहे, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. वय, अंगठा, सगळं लक्षात घेता या गोष्टीकडे काणाडोळा करायला हरकत नाही. हिल्का वेळेत आली, असं लिहू. बाकीचं लिहायचंच कशाला. एवढी वर्षं तू या क्लबसाठी झटलीस, तेवढं तर आम्ही तुझ्यासाठी करू शकतो.

दारातल्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. वर्ग वाचला होता. हिल्कानं फक्त मान हलवायची होती.

"रेयो," ती म्हणाली, "खाणीपाशी एकानं मला मदत केली. ती परत करायला माझं मनगट गेलं. आता तू करतोयस. ही मी कशी परत करू?"

"ही मदत नव्हे. समजूतदारपणा आहे."

"तू डोळे मिटलेस तर उद्यापासून तो वर्ग तुझ्या डोळ्यांवर चालणार. उघडलेस की बंद. मला तो नियमावर चालायला हवाय. मी बाद असेन तर बाद लिही. नसेन तर का नाही, ते लिही. पण लिही."

रेयोचा चेहरा लाल झाला. माणूस एवढ्या मोठ्या मनानं काही द्यायला जातो आणि समोरचा त्याला सुटे परत करतो, तेव्हा असं होतं. तो म्हणाला की नियमात फक्त बाहेरची मदत एवढंच आहे, परत केलेल्या मदतीबद्दल नियम गप्प आहे, आणि मदत ही एकदा झाली की झालीच.

इर्यानं मफलर हनुवटीखाली ओढला.

"असं बघ, रेयो. माझ्या तौनोनं लग्न झाल्यापासून मला मदतच केलीय. भांडी घासतो, मी पुन्हा घासते. कपाट बसवतो, मी काढून पुन्हा बसवते. आता या घरातली कामं कुणाच्या नावावर धरायची, सांग. तुझ्या बायकोलाही विचार."

रेयोची बायको दारातच उभी होती.  तिनं फक्त आपल्या नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं. त्या दोन पंचांपैकी एकानं आपल्या कपात खूप वेळ पाहिलं, कप रिकामा असूनही.

रेयोनं पेन उचललं. त्यानं काय लिहिलं ते सगळ्यांना ऐकू यावं म्हणून त्यानं ते लिहिता लिहिता वाचलं, कारण हिल्कानं तशी अट घातली. स्पर्धकाच्या गाडीला बाहेरच्या व्यक्तीचा हात लागला. स्पर्धकाने सदर हाताचे काम जागच्या जागी मोडून टाकले व स्वतः पुन्हा केले. सदर मदतीचा स्पर्धकास उपयोग न होता वेळ वाया गेला. सबब मदत झाली नाही. महिला वर्ग: पूर्ण केलेल्या स्पर्धक, एक.

"आणि बाण?" हिल्का म्हणाली.

"बाणाचं काय?"

"तो झुडपामागे होता, हे लिही."

"झुडूप आता नाहीये, हिल्का."



संध्याकाळी घरी सॉना तापला होता. विर्पीनं नवऱ्याला झालेला प्रकार विचारला, त्यानं सांगितला, आणि ती एवढी हसली की सांतेरी अंगणात जाऊन बसला. हिल्का अंगठ्याला फडकं गुंडाळून त्याच्याशेजारी बाकावर येऊन बसली.  तो म्हणाला की त्याला खरंच वाईट वाटलं. पण डोळ्यांदेखत माणूस झगडत असताना नुसतं उभं राहणं त्याला जमलं नाही, आणि जमायला हवं असं त्याला अजूनही वाटत नाही.

"तुला काय वाटलं, मला ती कड बसवता येत नव्हती?"

"येत होती. पण वेळ लागत होता."

"तो माझा वेळ होता," हिल्का म्हणाली.

 सांतेरीला हे पटलं असं नाही. पण त्यानं वाद घातला नाही, आणि हिल्कानं त्याच्यापुढे भाजलेल्या सॉसेजची बशी सरकवली, मोहरीसकट. त्यानं एक घेतलं. उरलेली बशी परत तिच्याकडे सरकवताना मात्र तो किंचित घाबरलेला होता.

रेयोच्या त्या वर्षीच्या अहवालात महिला वर्गाची अखंड परंपरा, हौकिवाराच्या भगिनींची जिद्द आणि सलग आठव्या वर्षीचे अजिंक्यपद यांचा यथोचित गौरव आहे. परगण्यात तो अहवाल नव्हे, चाकाची गोष्ट फिरली. पोस्टात इर्याच्या खिडकीवर ती पत्राबरोबर फुकट मिळत असे. पुढच्या शरदात इर्याला सर्दी झाली नाही, आणि गुरांची डॉक्टर सोइली रेस्कनेनही नाव द्यायला आली. खाणीमागच्या वळणावर बाण पुन्हा झुडपामागेच होता, वेगळ्या. इर्या तिथं पडली, तिचा क्लचचा दांडा मोडला आणि ती दुरुस्तीला बसली. सांतेरी गोलात उभा होता. त्याच्या हातात सॉसेज होतं. त्यानं ते दातांत धरलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

महिला वर्गात त्या वर्षी तिघी होत्या. हिल्का तिसरी आली.